हौदावरची सावली



परवा माझ्या भाचीनं आमच्या शालिबंड्याच्या जुन्या घराचा एक फोटो पाठवला. ते घर आता नाही, तिथं चार मजली इमारत उभी आहे. पण फोटोत अंगण आहे, पेरूचं झाड आहे आणि कोपऱ्यात तो दगडी हौद आहे. हैदराबादेत त्याला हौज म्हणतात. आम्ही पोरं घरात 'हौद' म्हणायचो आणि गल्लीत पाय टाकला की 'हौज'. त्या हौदानं मला अकराव्या वर्षी जे शिकवलं, ते आज लिहून काढते. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमचे आजोबा निजामाच्या काळात नांदेडहून कारकुनीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. गंडीपेटचं पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही म्हणतात, ते आमच्या घराला तरी लागू पडलं. बाबा आरोग्य खात्यात होते, हिवतापाच्या कामावर. गल्लीत सगळे त्यांना 'मलेरियावाले साब' म्हणायचे. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात रक्त घ्यायच्या काचपट्ट्यांची डबी, सुया, रजिस्टर आणि लांब दांड्याची एक पांढरी एनॅमलची पळी. ही पळी घरोघरच्या हौदात, विहिरीत, रांजणात बुडवून डासांच्या अळ्या आहेत का ते बघायचं, असं त्यांचं काम. आई त्या पळीला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. ती बाहेर खुंटीला टांगलेली असायची.

मी सांगतेय ती गोष्ट १९७७ च्या पावसाळ्यातली. तेव्हा हिवताप देशभर पुन्हा उसळला होता. १९५८ साली निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातले रुग्ण वर्षाला एक लाखाच्या आसपास आले होते. हा ताप आता संपलाच, असं सगळ्यांना वाटत होतं. १९७६ साली तोच आकडा ६४ लाखांच्या वर गेला. बाबा सकाळी सातला निघायचे ते रात्री दिवेलागणीनंतर परत यायचे.

आमच्या हौदाचं एक दुखणं होतं. नळ दिवसाआड, तोही तासभर यायचा. त्यामुळे हौद दर आठवड्याला उपसून घासून कोरडा करणं आईला परवडत नव्हतं. खरा नियम तोच होता, आठवड्यातून एक कोरडा दिवस. बाबांनी मग तोड काढली. ते मला म्हणाले, "तू दर शनिवारी शाळेत जायच्या आधी हौद बघायचा. एक जरी अळी दिसली तरी आईला सांगायचं, मग पाणी गेलं तरी चालेल, हौद उपसायचा."

मला केवढा मान वाटला! बाबांचंच काम मी करणार. शनिवारी सकाळी मी धावत अंगणात जायची, हौदाच्या पायरीवर चढायची, अर्ध्या हौदावर टाकलेला पत्रा खडकन बाजूला सारायची आणि वाकून आत बघायची. पाणी नितळ. तळाचा दगड दिसायचा. "स्वच्छ!" असं ओरडून मी दप्तर घ्यायला पळायची. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. रात्री बाबा विचारायचे, "काय गं, हौद?" मी म्हणायची, "स्वच्छ." ते रजिस्टरात आमच्या घरासमोर 'निल' लिहायचे.

सप्टेंबरात धाकट्याला ताप आला. तो सहा वर्षांचा होता. दुपारी हुडहुडी भरली, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग अंग भट्टीसारखं तापलं आणि रात्री घामानं अंथरूण ओलं झालं. दुसऱ्या दिवशी साहेब अंगणात खेळत होते. आई म्हणाली, बाधलं असेल काही. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हुडहुडी. बाबांना काही सांगायची गरज नव्हती. एकाआड एक दिवस, घड्याळ लावल्यासारखा येणारा ताप कुठला, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी स्वतःच्याच मुलाच्या बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर थेंब घेतला. हात थरथरत होता, ते मी बघितलं. दुसऱ्या दिवशी तपासणीत हिवतापच निघाला.

त्या सकाळी बाबा कामावर गेले नाहीत. खुंटीवरची पळी काढून अंगणात आले. मी पायरीवर चढून पत्रा ओढणार, तेवढ्यात म्हणाले, "थांब. उतर खाली. माझ्याकडे ये."

ते पायरीच्या बाजूनं गेलेच नाहीत. हौदाला वळसा घालून पलीकडे, भिंतीच्या बाजूला गेले. चपला काढल्या, अनवाणी, हळू. उन्हाकडे तोंड करून बसले, मलाही शेजारी बसवलं. म्हणाले, "आता मनातल्या मनात भीमरूपी म्हण. सावकाश. संपेपर्यंत हलायचं नाही, पाण्यावर हात न्यायचा नाही."

मी भीमरूपी म्हणायला लागले. सुरुवातीला पाणी नेहमीसारखंच नितळ होतं. अर्ध्यावर आले असेन, तेव्हा पत्र्याच्या कडेला, जिथं ऊन संपून सावली सुरू होत होती तिथं, पाण्यावर काहीतरी बारीक आडवं पडलेलं दिसलं. जिऱ्याच्या दाण्यासारखं. मग दुसरं. मग चार, पाच, दहा. बाबांनी पळी तिरकी धरून काठाकाठानं अलगद बुडवली आणि उचलली. पांढऱ्या पळीत त्या वळवळत होत्या. त्यांनी मोजल्या. चौदा.

मला रडू फुटलं. "बाबा, खरंच नव्हत्या हो! मी दर शनिवारी बघत होते."

बाबा रागावले नाहीत. त्यांनी मला परत पायरीकडे नेलं. म्हणाले, "आता नेहमीसारखी चढ आणि वाक." मी वाकले. पायरी पूर्वेला होती. सकाळचं ऊन माझ्या पाठीवर, आणि माझी सावली सगळी पाण्यावर. पलीकडून बाबा म्हणाले, "बघ, गेल्या सगळ्या तळाला." मला एकही दिसली नव्हती.

तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं, ते पुढं मी प्राणिशास्त्र घेतलं आणि शाळेत तीस वर्षं शिकवलं, तेव्हा पुस्तकातही जवळपास तसंच सापडलं. डासाची अळी पाण्यात राहते, पण श्वास हवेतला घेते. म्हणून तिला पृष्ठभागावर यावंच लागतं. गटारातल्या डासांच्या अळ्यांना शेपटीकडे एक नळी असते. ती वर लावून त्या डोकं खाली करून लोंबकळतात. हिवतापाच्या डासाच्या, म्हणजे ॲनोफिलिसच्या अळीला अशी नळी नसते. ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. आणि शहरात हा डास आमच्यासारख्यांच्या स्वच्छ हौदात, विहिरीत, टाकीत वाढतो, हे कुणाला पटत नसे. "घाण पाण्यात डास, आमचं पाणी तर काचेसारखं," हे वाक्य बाबांनी हजारदा ऐकलं असेल.

या अळीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक काळे ठिपके असतात, तेच तिचे डोळे. चेहरा, आकार तिला कळत नाही. उजेड किती आणि तो एकदम कमी झाला का, एवढं कळतं. वरून सावली पडली म्हणजे पक्षी असेल, मासा असेल, कुणीतरी खायला आलेलं असेल. ती विचार करत बसत नाही, अंगाला झटके देत थेट तळाकडे जाते. पाण्याला किंवा भांड्याला धक्का बसला तरी तेच. एरवीही तिला भगभगीत उजेड नको असतो, ती अंधाऱ्या कडेला सरकते. म्हणून पत्र्याखाली गर्दी होती. मी काय करत होते? धावत येत होते, पत्रा वाजवत होते, सावली पाडत होते आणि श्वास घ्यायला त्या वर यायच्या आत निघून जात होते.

"तू खोटं बोलली नाहीस," बाबा म्हणाले. "तुला जे दिसलं तेच सांगितलंस. पण तू आलीस म्हणून ते तसं दिसत होतं."

मी मनात दिवस मोजत होते, कारण बाबांच्या तोंडून ते हिशेब मी कितीदा ऐकले होते. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस. मादी डास आजारी माणसाला चावली, की जंतू तिच्या पोटात वाढून लाळेत उतरायला आणखी दहा-बारा दिवस. मग ती दुसऱ्याला चावली, की ताप चढायला पुन्हा दहा-पंधरा दिवस. म्हणजे महिना-सव्वा महिना मागे. म्हणजे ऑगस्टमधले माझे शनिवार. धाकट्याला आमच्याच हौदातला डास चावला की शेजारच्या, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. बाबांनी तसं मला दोनदा सांगितलंही. पण अकरा वर्षांच्या मुलीला हिशेब बरोबर जुळतोय असंच वाटत होतं. धाकट्याला क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या गुळात घालून देताना मी दाराआड उभी असायची.

त्या रात्री बाबांनी रजिस्टर काढलं. आई म्हणाली, "अहो, आता आपल्या घराचं कशाला लिहिताय? उपसला ना हौद? हसतील लोक." बाबा काही बोलले नाहीत. आमच्या घरासमोर त्यांनी अळ्या सापडल्याचं लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग मागची पानं उलटून त्या चार-पाच 'निल'खाली शेरा लिहिला, की पाहणी नीट झालेली नाही. माझं नाव कुठंही लिहिलं नाही. पाहणी त्यांची, चूक त्यांची.

लोक हसलेच. मलेरियावाल्याच्या घरीच मलेरिया, म्हटल्यावर हसणार नाहीत तर काय. समोरच्या खालाबी बाबांना आपल्या हौजाला हात लावू देत नसत. त्या दारातूनच म्हणाल्या, "साब, पहले अपना हौज देखो, फिर हमारे यहाँ आओ."

बाबा म्हणाले, "हौ खाला, देखा. निकले. चौदा निकले. आओ, दिखाता हूँ."

आणि त्यांनी खरंच दाखवलं. अळ्यांची एक काचेची बरणी त्यांनी जाळीचं फडकं बांधून ठेवली होती. गल्लीतल्या बायका, पोरं, म्हातारे आमच्या अंगणात जमले. बाबांनी बरणी उन्हात ठेवली, सगळ्यांना गप्प उभं केलं. अळ्या वर आल्या. मग बरणीवर हात धरला. एका क्षणात वरचं सगळं रिकामं! "या अल्ला," खालाबी म्हणाल्या. हात काढला, थोडं थांबलं, पुन्हा सगळ्या वर. संध्याकाळी बाबांनी ती बरणी तापलेल्या फरशीवर ओतून टाकली. दुसऱ्या दिवशी खालाबींनी स्वतः बाबांना बोलावून हौज उघडून दिला. बाबा सांगायचे, की त्या वर्षी आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त हौद उघडले गेले, आणि त्याचं कारण आमच्या घरी निघालेल्या चौदा अळ्या.

हौदात गप्पी मासे सोडायचे ठरलं, तेव्हा आजीनं मात्र घर डोक्यावर घेतलं. "ब्राह्मणाच्या घरी हौदात मासे? उद्या म्हणशील, माजघरात बकरी बांध!" सोवळ्याचं पाणी आधीपासून तांब्याच्या हंड्यात वेगळं असायचं, तरी तिला पटेना. शेवटी बाबा म्हणाले, "आई, विष्णूचा पहिला अवतार कुठला?" आजी गप्प. महिन्याभरानं मी पाहिलं, तर आजी दुपारी हौदाशी बसून भाताची शितं टाकत होती. त्यांना ती 'अवतार' म्हणायची. "अवतारांना खायला दिलं का गं?"

धाकटा बरा झाला, पण अशक्त होता, शाळेत जात नव्हता. त्याचं मन रमावं म्हणून बाबांनी एकदा पांढऱ्या वाडग्यात कुठूनशा चार अळ्या आणून दिल्या. आम्ही पाटीची सावली पाडायचो. खाली! काढायचो. वर! पुन्हा सावली. खाली! असं कितीतरी वेळा केलं आणि मग एक गंमत झाली. त्या खाली जाईनाशा झाल्या. सावली पडली तरी तशाच वर पडून. धाकटा म्हणाला, "ताई, त्यांना कळलं, की आपण उगीच घाबरवतोय." वाडग्याला टिचकी मारली, तर लगेच खाली. पुढं बी.एस्सी.ला वाचलं, की शास्त्रज्ञांनीही असले प्रयोग केले आहेत. पुन्हा पुन्हा सावली पडून काही बिघडलं नाही, तर अळी तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकते. एवढासा जीव, पण त्यालाही सवय होते. बाबांना सांगितलं, तर हसून म्हणाले, "आमच्या खालाबीसारखंच की. रोज गेलो तेव्हा कुठं दार उघडलं."

बाबांचं दैवत म्हणजे रोनाल्ड रॉस. आपल्याच गावातली गोष्ट म्हणून ते अभिमानानं सांगायचे. सिकंदराबादेत रॉस डास चिरून चिरून बघायचा. घामानं त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. चुकीच्या जातीचे डास बघण्यात दोन वर्षं गेली. मग अळ्या वाढवून त्यातून निघालेले ठिपकेदार पंखांचे डास त्यानं १६ ऑगस्ट १८९७ ला हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावू दिले. हुसेन खानाला एका डासामागे एक आणा मिळाला. चार दिवसांनी, २० ऑगस्टला, त्यातल्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉसला हिवतापाचे जंतू दिसले. १९०२ साली त्याला नोबेल मिळालं. बाबा म्हणायचे, "नोबेल रॉसला मिळालं ते बरोबरच आहे. पण चावून घेतलं हुसेन खानानं, हे विसरू नका."

१९९७ साली त्या शोधाची शंभरी झाली. त्यानंतर एकदा मी बाबांना बेगमपेटला ती इमारत बघायला घेऊन गेले. बाबा तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि काचबिंदूनं त्यांची नजर जवळपास गेली होती. इमारतीसमोर उभे राहून त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. म्हणाले, "ऊन कुठल्या बाजूला आहे गं?" मी सांगितलं. मग उन्हाकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. परत येताना रिक्षात हसत म्हणाले, "आता माझे डोळे त्या अळ्यांसारखे झालेत. उजेड आणि सावली, एवढंच कळतं. माणूस कोण ते कळत नाही."

मी हसले, पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. बाबा दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. आम्ही सगळे आपापल्या घाईत. कोणी आत आलं, काही घेतलं, गेलं. त्यांच्यापर्यंत फक्त सावल्या यायच्या, एकापाठोपाठ एक. कुणी थांबलं नाही, तर ती कोणाची हे त्यांना कळायचं कसं? मग मी ठरवून टाकलं. शाळेतून आल्यावर आधी त्यांच्या खिडकीशी जायचं, ऊन अडेल अशी उभी राहायचं, म्हणजे कोणीतरी आलंय हे त्यांना कळेल, आणि तिथंच थांबायचं. एक भीमरूपी होईल इतका वेळ. बहुतेक वेळा ते मधेच म्हणायचे, "आलीस?"

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. धाकटा आजोबा झालाय, पुण्याला असतो. मी हैदराबादलाच, फ्लॅटमध्ये. अंगण नाही, हौद नाही. पण गच्चीवर टाकी आहे, कुंड्यांखाली बशा आहेत, आणि आता डेंग्यूचा डास आहे. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहतात आणि पाणी आलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासायलाच हवं.

गेल्या पावसाळ्यात नातू गच्चीवरून धावत आला. "आज्जी, चेक केलं. बकेट एकदम क्लीन!" मी त्याला घेऊन पुन्हा वर गेले. उन्हाकडे तोंड करून बादलीशी बसवलं. म्हटलं, "आता हलायचं नाही. भीमरूपी येते का तुला?" त्याला येत नव्हती. म्हणून मी म्हटली, मोठ्यानं, सावकाश. माझी संपायच्या आत त्यानं माझा हात घट्ट धरला आणि बोट दाखवलं. तीन होत्या.

बादली ओतली, घासली, उन्हात पालथी घातली. भीमरूपी आता तो शिकतोय. अजून अर्ध्यावरच अडकतो.

तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी असा हौद होता? कुणाच्या आजीनं 'अवतार' पाळले होते का? असतील तर आठवणी जरूर लिहा. आणि वाचून झाल्यावर, मंडळी, एकदा कुंड्यांखालच्या बशा बघून या. सावली मागे टाकून, आणि जरा थांबून.